नगरातील स्मृतिसाधना

मन स्थिर करावयाचे तर नगर सोडून अरण्यात जावे, ही समजूत आपल्या देशात फार जुनी आहे आणि तिला ग्रंथांचा आधारही आहे. मज्झिमनिकायातील दहावे सूत्र, म्हणजे सतिपट्ठान सुत्त, श्वासाकडे लक्ष देण्याची रीत सांगताना अरण्य, वृक्षमूल आणि शून्यागार, म्हणजे ओस घर, अशी तीन स्थाने निर्देशिते. दिल्लीसारख्या नगरात राहणाऱ्या आणि सकाळच्या बसने कामावर जाणाऱ्या माणसाला यांपैकी एकही स्थान सहजी लाभत नाही. मग ही साधना त्याच्यासाठी नाहीच काय? या प्रश्नाचे उत्तर हवे असेल तर त्याच सूत्राचा पुढील भाग वाचावयास हवा.

'सति' हे संस्कृत 'स्मृति' या शब्दाचे पाली रूप होय. १८८१ साली रीस डेव्हिड्स यांनी इंग्रजी भाषांतरात त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द योजला आणि पुढे तोच जगभर रूढ झाला. येथे स्मृती म्हणजे गतकाळाची आठवण नव्हे. जे आता घडत आहे त्याचे, ते घडत असतानाच, विस्मरण होऊ न देणे असा तिचा अर्थ आहे. कीर्तनकार श्रोत्यांकडे जे 'अवधान' मागतात, ते या अर्थाच्या पुष्कळच जवळचे आहे.

श्वासाचे प्रकरण संपताच सूत्राचा रोख बदलतो. पुढे जाताना, मागे परतताना, समोर व आजूबाजूस पाहताना, हातपाय आखडताना व पसरताना, खाताना, पिताना, चावताना, एवढेच काय पण मलमूत्रविसर्जन करताना, बोलताना आणि मौन पाळतानाही साधकाने जाणतेपणाने वागावे, असे तेथे सांगितले आहे. या यादीत अरण्याची आवश्यकता असलेले एकही काम नाही. त्यातील बहुतेक कामे आपण रोज रस्त्यावर, जिन्यावर आणि स्वयंपाकघरात करीतच असतो.

हे सूत्र कोठे सांगितले गेले, हेही पाहण्यासारखे आहे. ते कुरू देशातील कम्मासदम्म नावाच्या निगमात, म्हणजे बाजारपेठेच्या गावी, सांगितले गेले. कुरू देश म्हणजे आजच्या दिल्ली, मेरठ व कुरुक्षेत्र यांच्या आसपासचा प्रदेश होय. पाचव्या शतकात श्रीलंकेत अट्ठकथा लिहिणाऱ्या बुद्धघोषाने या स्थळाविषयी एक मनोवेधक परंपरा नोंदविली आहे. त्या देशातील दासदासी आणि मजूरदेखील स्मृतीचा अभ्यास करीत, पाणवठ्यावर आणि सूत कातण्याच्या जागी निरर्थक गप्पा होत नसत, असे तो म्हणतो. एखादीला शेजारणीने विचारावे, बाई, तू चारांपैकी कोणते स्मृतिप्रस्थान करतेस? शरीराचे, वेदनांचे, चित्ताचे की धर्मांचे? कोणतेही नाही, असे उत्तर आले तर तिची कानउघाडणी होई आणि काय करावयाचे ते तिला तेथेच शिकविले जाई. भिक्षुणींनी पाळलेल्या एका पोपटाचीही कथा त्याने दिली आहे. त्या पोपटाला 'अट्ठि', म्हणजे हाड, एवढाच शब्द घोकावयास दिला होता. पुढे एका हिंस्र पक्ष्याने त्याला उचलून नेले. सुटका झाल्यावर त्या वेळी मनात काय आले असे विचारता तो म्हणाला, हाडांचा एक सांगाडा दुसऱ्या सांगाड्याला नेत आहे, एवढेच. या कथेत अतिशयोक्ती आहे, हे सांगावयास नकोच. परंतु परंपरेने या साधनेची जागा म्हणून पाणवठा निवडला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. बसथांबा ही आरंभासाठी उत्तम जागा आहे, कारण तेथे आपणास दुसरे काहीच करता येत नाही. थांब्यावर उभे राहिल्यावर प्रथम तळपायांकडे लक्ष द्यावे. शरीराचा भार कोणत्या पायावर अधिक आहे, टाच नीट टेकली आहे की नाही, हे नुसते जाणावे. नंतर श्वास पाहावा. तो आखूड असेल तर आखूड आहे असे जाणावे. मुद्दाम लांबवू नये. मग भोंगे, फेरीवाल्याची हाक, शेजारच्या दोघांचे बोलणे कानावर येऊ द्यावे. मन लगेच निसटेल. बस चुकली तर काय, वरिष्ठ काय म्हणतील, असे विचार सुरू होतील. ते सुरू झाल्याचे कळले की तळपायांकडे परत यावे. दहा मिनिटांत हे तीस वेळा करावे लागले तरी अभ्यास फसला असे मानण्याचे कारण नाही, कारण परत येणे हाच अभ्यास आहे. डोळे मात्र मिटू नयेत. दिल्लीच्या थांब्यावर डोळे मिटणारा साधक बस तरी चुकवील, नाहीतर खिसा तरी रिकामा करून घेईल.

बस आली की खरी परीक्षा सुरू होते. मागून कोणीतरी कोपर मारतो. आधी धक्का, मग बरगडीत दुखरी जाणीव, मग राग, असा क्रम असतो. पण तो इतका जलद घडतो की आपणास केवळ राग तेवढा दिसतो. दुखरी जाणीव ही 'वेदना' होय. सूत्रातील दुसरे प्रस्थान हेच. ती वेगळी ओळखता आली तर कधी कधी तोंडून निघू पाहणारा शब्द आतच राहतो. नेहमीच राहतो असा माझा दावा नाही.

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी मी एका रुग्णालयाच्या बाकावर चार तास बसून होतो. श्वासाकडे लक्ष नेले की छाती अधिकच आवळे. शेवटी फरशी पुसणाऱ्या बाईच्या हाताकडे पाहत राहिलो. फडके डावीकडे जाई, उजवीकडे येई. भीती गेली नाही, पण आपण भ्यालो आहोत एवढे तरी स्वच्छ कळत होते. अनेकांच्या बाबतीत श्वासाने घाबरेपणा वाढतो. त्यांनी तळपाय, एखादा आवाज किंवा समोरची वस्तू घ्यावी आणि घाबरेपणा टिकून राहिला तर वैद्यकीय सल्ला घ्यावा.

येथे एका गैरसमजाविषयी बोलणे आवश्यक आहे. मे महिन्यात दिल्लीच्या अनेक वस्त्यांत पाण्याच्या टँकरपुढे डबे आणि नळ्या घेऊन रांगा लागतात. बुद्धघोषाच्या पाणवठ्याचे हे आजचे रूप म्हणता येईल. त्या रांगेतील बाईला श्वास पाहावयास सांगून आपण मोकळे होणे हे मात्र निर्दयपणाचे ठरेल. तिला पाणी हवे आहे. तक्रार करावयाची तेथे तक्रार केलीच पाहिजे, आणि जागे मन ती अधिक नेमकी करते: टँकर कोणत्या दिवशी आला, किती वाजता आला, किती घरे कोरडी राहिली.

दिल्लीच्या दक्षिण भागात श्रीनिवासपुरीजवळ, बहापूर येथे, १९६६ साली अशोकाचा एक लघुशिलालेख उजेडात आला. उपासक होऊन अडीच वर्षे लोटली, पण पहिले वर्षभर आपण नेटाने प्रयत्न केला नाही, अशी कबुली राजाने त्यात दिली आहे. पुढे संघाच्या सहवासात गेल्यावर आपण उद्यम केला आणि त्याचे फळ थोरांप्रमाणे लहानालाही मिळू शकते, असे तो सांगतो. त्या बाजूच्या रस्त्याने मी कित्येक वर्षे बसमधून जात होतो आणि जाताना बहुधा वर्तमानपत्र वाचीत असे. एका रविवारी पायी गेलो. लेख खडकाच्या उतरत्या पृष्ठावर कोरलेला आहे. अक्षरे झिजली आहेत आणि सकाळच्या तिरप्या उन्हात ती अधिक चांगली दिसतात. मी तेथे होतो तेवढ्या वेळात खालच्या रस्त्यावरून सात बसगाड्या गेल्या.