ब्राउझरमधील एक्स्टेन्शन आणि कार्यालयीन नियंत्रण

शासकीय कार्यालयांतील बरेचसे कामकाज आता ब्राउझरमधून चालते. ब्राउझरच्या अंगी नसलेली एखादी सोय त्यास जोडून देणारी लहानशी आज्ञावली म्हणजे एक्स्टेन्शन. जाहिराती रोखणे, भाषांतर करणे, परवलीचे शब्द जतन करणे इत्यादी कामे तिच्याद्वारे होतात. तथापि ती बसविताना कोणती संमती दिली जाते, याकडे क्वचितच लक्ष पुरविले जाते. सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याचा व बदलण्याचा अधिकार एकदा दिला, की पडद्यावरील नागरिकाचा अर्ज असो वा देयक, ते त्या एक्स्टेन्शनलाही वाचता येते.

एक्स्टेन्शन आज निर्दोष असले तरी उद्या तसेच राहील, असे नाही. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० साली दुसऱ्या हाती गेले आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते घातक ठरवून बंद केले. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या सुरक्षा-कंपनीच्या कर्मचाऱ्यास फसव्या ई-पत्राने गाठून तिच्या एक्स्टेन्शनची दूषित आवृत्ती प्रसृत करण्यात आली. नव्या आवृत्त्या आपोआप उतरत असल्याने वापरकर्त्याची सावधगिरी येथे अपुरी पडते.

यास्तव निर्णय व्यक्तीवर न सोपविता यंत्रणेने करावा, हे इष्ट. क्रोम ब्राउझरमध्ये त्यासाठी तीन याद्या आहेत. पहिली प्रतिबंधित यादी. तीत केवळ तारकाचिन्ह नोंदविल्यास सर्व एक्स्टेन्शनना मज्जाव होतो व पूर्वी बसविलेलीही निष्क्रिय होतात. दुसरी अनुमत यादी. तीतील एक्स्टेन्शन या मनाईतून वगळली जातात. तिसरी सक्तीची यादी. तीतील एक्स्टेन्शन आपोआप बसतात आणि वापरकर्त्यास ती काढता वा बंद करता येत नाहीत. प्रत्येक एक्स्टेन्शनची ओळख नावाने नव्हे, तर बत्तीस अक्षरी संकेताने करावयाची असते. कारण नावाची नक्कल करता येते.

विंडोज प्रणालीत या याद्या ‘ग्रुप पॉलिसी’द्वारे सर्व संगणकांवर एकाच वेळी लागू करता येतात. फायरफॉक्समध्येही धोरणाच्या फाइलीतून हाच हेतू साधतो. लागू केलेले धोरण प्रत्यक्ष पोहोचले किंवा कसे, हे दोन्ही ब्राउझरमधील ‘पॉलिसी’ या अंतर्गत पानावर पाहता येते.

मात्र सरसकट मनाईपूर्वी वापरात असलेल्या एक्स्टेन्शनची गणना करणे अगत्याचे आहे. दृष्टिबाधित कर्मचाऱ्याचे साहाय्यक साधन अकस्मात बंद पडले, तर त्याचे कामच थांबेल. आधी गणना, मग अनुमत यादी, नंतर काही मोजक्या संगणकांवर चाचणी व अखेरीस सर्वत्र अंमल, हा क्रम पाळावा. नव्या मागणीसाठी अर्जाची सोपी रीत व निर्णयाची निश्चित मुदत असावी. अन्यथा कर्मचारी खासगी भ्रमणध्वनीवर काम करू लागतील आणि ज्या माहितीच्या रक्षणासाठी हा खटाटोप, तीच कार्यालयाबाहेर जाईल.