घोळणा फुटतो तेव्हा: चिमूट ते कॉटरी

घोळणा फुटला की आधी कांदा फोडायला धावू नका. माणसाला बसवा, मान पुढे झुकवा आणि हाडाखालचा नाकाचा मऊ भाग दोन बोटांच्या चिमटीत घट्ट धरा. घड्याळ लावून दहा मिनिटं. ‘थांबलं का’ म्हणून मधेच बोटं काढलीत, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मान मागे टाकू नका. रक्त पोटात जातं आणि उलटी होते. तोंडात आलेलं थुंकू द्या. वीस मिनिटांनीही धार चालूच असेल किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असतील, तर थेट दवाखाना गाठा.

घोळणा वरचेवर फुटत असेल, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर कॉटरी करतात, म्हणजे फुटणाऱ्या रक्तवाहिनीला डाग देतात. इथे विस्तव नसतो. टोकाला सिल्व्हर नायट्रेट लावलेली बारीक काडी असते. लोक धसका घेतात तो उगाच.

आधी गुठळ्या काढून, बधिर करणाऱ्या आणि रक्तवाहिन्या आकसवणाऱ्या औषधात भिजवलेला कापसाचा बोळा नाकात ठेवतात. ही काही मिनिटांची वाट फार मोलाची. घाई केली की काडी लागताच पोर उडतं.

मग डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात नाकाचा मधला पडदा तपासतात. बहुतेक वेळा रक्त पडद्याच्या पुढच्या भागातूनच, लिटल्स एरियातून येतं. तिथे बऱ्याच रक्तवाहिन्या एकत्र मिळतात. काडी आधी त्या बिंदूच्या भोवताली टेकवत आणतात, शेवटी बिंदूवर. एका जागी काही सेकंद पुरे. तिथे पांढरट-करडा डाग उमटला की काम झालं. वाहत्या रक्तात मात्र हे रसायन धुऊन जातं, तेव्हा विजेवरची कॉटरी लागते. वरच्या ओठाला व्हॅसलीन लावायला विसरू नये, नाहीतर ओघळाचा काळा डाग काही दिवस राहतो.

पडद्याच्या दोन्ही बाजू एकाच बैठकीत, समोरासमोर जाळत नाहीत. आतल्या कूर्चेला रक्तपुरवठा दोन्हीकडच्या अस्तरातूनच होतो. दोन्ही अस्तरं गेली तर पडद्याला भोक पडू शकतं. दुसऱ्या बाजूसाठी काही आठवडे थांबायचं. रुग्णाने आग्रह धरला तरी.

घरी गेल्यावर डॉक्टरांनी दिलेलं मलम लावत राहा. नाक शिंकरू नका. शिंक आलीच तर तोंड उघडून द्या. खपली आपोआप पडते. पोरांची नखं तेवढी आधीच कापून ठेवा.