पहिला जोड तुझ्याच पायांसाठी

अगं, लोकर घ्यायला धावण्याआधी मला एक सांग, हे मोजे विणणार कुणासाठी आहेस? बाबांसाठी म्हणशील, नाहीतर नवऱ्यासाठी, नाहीतर सासूबाईंना पाठवायला. आपल्याकडे बाई सुया हातात घेते ती नेहमी दुसऱ्या कुणासाठी तरी. भाच्याला कुंची, दिराला स्वेटर, शेजारणीच्या लेकीचं बाळंतपण आलं की टोपडं. त्या सगळ्यांचं होईल गं पुढे. पहिला जोड मात्र तू स्वतःच्या पायांसाठी विण. यात लाड आहेत, आणि ते व्हायलाच हवेत. शिवाय मोजा म्हणजे सगळा मापाचा कारभार. दुसऱ्याचा पाय अंदाजावर धरावा लागतो, तुझा तर सदैव तुझ्यापाशी आहे. चार बोटं विणलं की चढवून बघ, घट्ट वाटलं तर तिथेच उसव. हात असाच शिकतो.

आणि इथे सिडनीच्या क्वेकर्स हिलमध्ये मोजे ही चैन नाही, हे तुला या हिवाळ्यात कळेलच. ऑस्ट्रेलिया म्हणजे ऊन, एवढंच मनात घेऊन आपण येतो. जानेवारीत इथे पारा चाळिशी ओलांडतो हे खरंच आहे. पण समुद्र इथून लांब. त्यामुळे आषाढ-श्रावणात, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या पहाटे पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि अंगणातलं गवत दहिवर गोठून पांढरं दिसतं. इथली बरीच घरं गारठा अडवायला बांधलेलीच नाहीत. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर अनवाणी उभं राहून चहा टाकला की कळ पोटरीपर्यंत जाते. आपल्याला घरात चपला घालायची सवय नाही, देवापुढे तर नाहीच. मग लोकरीचे मोजे हवेतच. मे महिन्यात टाके घातलेस तर आषाढी एकादशीपर्यंत जोड हातात येईल. रिचमंड लाइनच्या गाडीत शहरापर्यंत तासभर बसायचं असतं, साधा भाग तिथे विणून होतो. नक्षीचा भाग घरी, दिव्याखाली.

लोकरीबद्दल मी थोडी हट्टी आहे. तुळशीबागेतून आणलेले गुंडे तुझ्याकडे असतील, ते बाळाच्या टोपीला ठेव. ती लोकर बऱ्याचदा ॲक्रिलिक असते. मोज्यात तिच्याने पाय घामेजतो आणि ती सैल पडते. इथे आल्यावर मेरिनोच घ्यावी. खरी लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही अंगाला ओली लागत नाही, म्हणून दिवसभर बुटात राहूनही पाय कोरडा वाटतो.

ही मेंढरं इथली नाहीत, हे तुला माहीत आहे का? मेरिनो या देशात 1797 साली आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केपहून जहाजाने आल्या. जॉन मॅकार्थरचं नाव सगळीकडे घेतलं जातं, पण 1809 ते 1817 हा माणूस देशाबाहेर अडकला होता. त्या सगळ्या वर्षांत कळप राखले, लोकर विलायतेला धाडली, हिशेब सांभाळले ते त्याची बायको एलिझाबेथ हिने. तिचं घर, एलिझाबेथ फार्म, पॅरामॅटाजवळ रोझहिलला अजून उभं आहे. 1793 सालचं. आता ते संग्रहालय आहे. एखाद्या शनिवारी जाऊन ये. आपण ज्या धाग्याशी खेळतो त्याच्यामागे एवढी कर्तबगार बाई उभी होती, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर लोकर मागवताना ‘४ प्लाय’ बघ. इथे प्लाय म्हणजे जाडीचं नाव, धागा किती पदरी आहे याच्याशी त्याचा संबंध असेलच असं नाही. अमेरिकन नमुन्यात ‘फिंगरिंग’ लिहिलेलं असतं, ती जवळपास हीच. निव्वळ मेरिनो टाचेला लवकर विरते, म्हणून पाऊण हिस्सा मेरिनो आणि पाव हिस्सा नायलॉन असलेली, मशीनमध्ये धुता येईल अशी घे. मुख्य रंगाचा 100 ग्रॅमचा गुंडा एका जोडाला पुरतो, साधारण 400 मीटर भरतो. नक्षीच्या रंगाचा 50 ग्रॅमचा गुंडा घेतलास तर पुष्कळ उरेल. व्हिक्टोरियातल्या बेंडिगो वूलन मिल्सकडून रंगांचं कार्ड मागवता येतं. धागा हाताला लावून रंग निवडण्यात जी मजा आहे ती पडद्यावर नाही. दोन रंग शेजारी धरून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढ. फोटोत दोन्ही सारखेच करडे दिसले तर ती जोडी सोडून दे. लाल आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले तरी गडदपणा सारखा असला की नक्षी बुडून जाते.

आता नक्षी. तू मला त्या उत्तरेकडच्या मोज्यांचे फोटो पाठवलेस, हरणं, बर्फाची फुलं, पाइनची झाडं. सुंदर आहेत. ही दोन रंगांची वीण शेटलंड बेटांकडच्या बायकांनी नावारूपाला आणली. तिथल्या फेअर आयल या चिमुकल्या बेटाचंच नाव तिला पडलंय. त्यांचा एक नियम मनात पक्का ठेव, एका फेरीत दोनच रंग. अख्ख्या स्वेटरवर दहा रंग दिसले तरी हातात एका वेळी दोनच दोरे असतात. पण हरणं कशाला हवीत गं तुला? हरणाची नक्षी रुंद असते, मागचे दोरे लांब सुटतात, नवख्या हाताला ती आवळते. लहान, परत परत येणारी नक्षी घे. आणि ती तुझ्या बॅगेत आहे. लग्नात आईने दिलेली करवत काठी आहे ना, तिचा काठ काढून बघ.

नागपूर-भंडाऱ्याकडची ती टसरची साडी. काठाला करवतीचे दात. विणकर तीन धोटे चालवून काठाचा रंग अंगाच्या रंगात असा अडकवतो की दात दोन्ही बाजूंनी स्वच्छ उठतात. ते दात आलेखाच्या कागदावर सहा टाक्यांत बसतात. काठाला मरून आणि अंगाला टसरचा तो हळदुळा रंग धर. पहिल्या फेरीत पाच टाके मरून, एक हळदुळा. दुसरीत एक हळदुळा, तीन मरून, दोन हळदुळे. तिसरीत दोन हळदुळे, एक मरून, तीन हळदुळे. झाला दात. खाली थोडं साधं विणून चार टाक्यांची चौफुली टाक, रुईफुली काठाची आठवण करून देणारी. एका फेरीत एक मरून, तीन हळदुळे. पुढच्या फेरीत त्या एकाच्या डोक्यावर मधोमध तीन मरून येतील असे, एक हळदुळा. तिसरी फेरी पहिलीसारखी. मग पुन्हा साध्या फेऱ्या आणि शेवटी दात उलट क्रमाने. असा काठ घोट्याच्या वर आला की मांडी घालून बसलीस तरी दिसतो.

टाके 72 घाल. बहात्तरला सहानेही भाग जातो आणि चारानेही, म्हणून दात आणि चौफुली दोन्ही बसतात. वर दोन सुलट-दोन उलट अशी दीड इंच वीण, 2.5 मिलिमीटरच्या सुयांवर. नक्षी सुरू झाली की 2.75 च्या सुया घे. कारण दोन रंगांच्या विणीत ताण नसतो. एकरंगी मोजा टाचेवरून ओढला की ताणतो, नक्षीचा भाग मात्र मागच्या दोऱ्यांच्या लांबीइतकाच सुटतो. पहिला काठ झाला की तिथेच टाके गोल सुईवर घे आणि टाचेवरून चढवून बघ. अडकत असेल तर सुई आणखी एक नंबर मोठी. हे आत्ता केलंस तर ठीक, पंजापर्यंत गेल्यावर काही करता येत नाही.

मागच्या दोऱ्याची गोष्ट मात्र नीट ऐक, कारण सगळं यश तिथे आहे. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे नुकते विणलेले टाके बोटांनी पसरून घ्यायचे, मग दुसरा दोरा मागून आणायचा. तो लोंबू नये आणि खेचूही नये, टाक्यांच्या पाठीवर नुसता टेकलेला असावा. पाच टाक्यांहून जास्त मोकळा सोडू नकोस, मोजा घालताना पायाची बोटं त्यात अडकतात. चार सुयांवर विणत असशील तर एका सुईवरून दुसरीवर जाताना, कोपऱ्यात, हात आपोआप आवळतो. त्यावर शेटलंडपासून सगळीकडे चालणारा सोपा उपाय आहे. विणकाम आतून बाहेर उलटं धर, म्हणजे दोरे वळणाच्या बाहेरून जातात आणि त्यांना जास्त अंतर कापावं लागतं. आवळायला जागाच राहत नाही. आणखी एक बारकी गोष्ट. दोन दोऱ्यांपैकी जो खालून येतो त्याचे टाके किंचित उठून दिसतात. मरून कायम खालून, हळदुळा कायम वरून. मध्येच अदलाबदल झाली तर दात एका बाजूला ठसठशीत आणि दुसऱ्या बाजूला फिके दिसतील. फेरीची सुरुवात पोटरीच्या मागे ठेव, तिथे नक्षीची एक पायरी पडतेच.

काठ संपला की 2.5 च्या सुयांवर ये आणि सात टाके विणून दोन एक (दोन टाक्यांचा एक), असं आठ वेळा करून 64 वर उतर. पुढे सगळं एकरंगी. पाऊलभर नक्षी हवी असा हट्ट पुष्कळ जणी धरतात. मला ते पटत नाही. बुटात ती दिसत नाही, तळव्याला दोरे टोचतात, आणि भोक पडलं तर रफू करणं जिवावर येतं.

टाच अर्ध्या टाक्यांवर, 32 वर. सुलट बाजूला एक टाका न विणता उचल, एक वीण. त्याने टाच दुहेरी, जाड होते. 32 ओळी झाल्या की वळण घ्यायचं. 18 सुलट, दोन एक, एक सुलट, आणि ओळ तिथेच सोडून परत फिरायचं. एक उचलून पाच उलट, दोन एक, एक उलट, पुन्हा परत. दर खेपेला मधले एकाने वाढवत गेलीस की शेवटी 18 उरतात आणि सपाट पट्टीचा वाडगा होतो. पहिल्यांदा बघताना अंगावर शहारा येतो, खरंच सांगते. मग दोन्ही कडांनी सोळा-सोळा टाके उचल आणि एक फेरी सोडून एक घटवत परत 64 कर. पाऊल तुझ्या पायापेक्षा थोडं आखूडच हवं, म्हणजे मोजा चापून बसतो.

बोटांपाशी घटवून उरलेले टाके सुईने शिवताना मात्र घाई करू नकोस. दोन सुयांवरचे टाके समोरासमोर धरून दाभणाने असे गुंफायचे की शिवण हाताला लागत नाही. या टाक्याला किचनरचं नाव आहे, 1902 ते 1909 हिंदुस्थानच्या फौजेचा जो सेनापती होता तोच लॉर्ड किचनर. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या शिपायांच्या पायांना शिवण घासू नये म्हणून हा टाका पुढे आला, असं सांगतात. त्या युद्धात ऑस्ट्रेलियातल्या बायकांनी शिपायांसाठी तेरा लाखांहून जास्त जोड विणले. गाडीत, सभेत, स्वयंपाक होता होता. काही जणी मोज्याच्या आत चिठ्ठी घालायच्या. इथल्या म्हाताऱ्या बायका गाडीत तुझ्या सुयांकडे बघून स्वतःहून बोलायला लागतील, तेव्हा लाजू नकोस. लोकरीची चांगली दुकानं, कुणाच्या घरी सुया पडून आहेत, सगळं त्यांना ठाऊक असतं. नव्या गावात ओळखी व्हायला हातातलं विणकाम फार उपयोगी पडतं.

ईस्टरला ऑलिंपिक पार्कमध्ये रॉयल ईस्टर शो भरतो, तिथे हस्तकलेच्या दालनात स्पर्धेचं विणकाम मांडलेलं असतं. मुलांची जत्रा म्हणून आपले लोक जातात आणि ते दालन ओलांडून पुढे निघतात. तू थांब. रंगांच्या जोड्या बघ.

एक मोजा झाला की त्याच संध्याकाळी दुसऱ्याचे टाके घाल, निदान पहिल्या चार फेऱ्या तरी. दिवसांचं अंतर पडलं की हाताचा ताण बदलतो आणि दुसरा मोजा पहिल्याहून घट्ट नाहीतर ढिला होतो. फेऱ्यांची संख्या कागदावर लिहून ठेव, मनात नको. जोड पूर्ण झाला की कोमट पाण्यात अर्धा तास बुडवून, टॉवेलमध्ये दाबून, सावलीत पसरून वाळव. पाणी लागलं की टाके आपापल्या जागी बसतात आणि दात सरळ होतात. उन्हाळ्यात कपाटात ठेवताना धुऊन, खडखडीत वाळवूनच ठेव. घाम लागलेल्या लोकरीला कसर लागते.

बेंडिगोचं कार्ड पोस्टाने यायला थोडे दिवस जातील. तोवर ती साडी बॅगेतून काढ, खिडकीशी उजेडात काठ पसर आणि फोटो मला पाठव. दात सहा टाक्यांत घ्यायचे की तुझ्या साडीचे जरा रुंद आहेत, ते बघून मी कागदावर आखून देते.