कर्ज गायकवाडांचे, जामीन कंपनी सरकार

होस्टेलवर राहून उधारी माहीत नाही असा एकही जण सापडणार नाही. मेसचं बिल थकलं की एखादा रूममेट म्हणतो, "काका, याचं मी बघतो." काका निर्धास्त होतात. पण त्या दिवसापासून रूममेट आपल्याला विचारायला लागतो, सिनेमाला पैसे कुठून आणलेस? गंमत सोडा, पण अशाच जामिनकीतून बडोद्याचं राज्य इंग्रजांच्या हाताखाली गेलं. आणि या गोष्टीचा एक धागा आपल्या सांगोल्याच्या शेजारी, पंढरपुरात येऊन पोचतो.

कर्ज झालं कसं?

१८०० साली गोविंदराव गायकवाड वारले. गादीवर आलेले आनंदराव स्वभावाने दुबळे होते. घरात भाऊबंदकी, कडीच्या मल्हारराव गायकवाडांचं बंड आणि बडोद्यात पगार थकलेली अरब शिबंदी, अशी तिहेरी अडचण. सावकार राज्याला कर्ज देत, पण राजाच्या शब्दावर नाही. अरब जमादार मध्ये जामीन राहिला तरच पैसे सुटत. या जामिनकीला 'बहांदरी' म्हणत. म्हणजे पहाऱ्यावरचा शिपाई हाच राज्याचा जामीन! साहजिकच खरी सत्ता त्याच्याकडे गेली.

दिवाण रावजी आपाजी यांनी यावर उपाय म्हणून मुंबईच्या इंग्रजांना बोलावलं. १८०२ मध्ये मेजर वॉकर फौज घेऊन आला. आधी मल्हाररावांचा बंदोबस्त झाला, मग डिसेंबरात अरबांना बडोदा सोडावं लागलं. पण त्यांचा थकलेला पगार चुकता करायला पैसा कुठला? काही कंपनीने दिला, बाकीचा सावकारांनी, कंपनीच्या बहांदरीवर. अरब गेले आणि त्यांच्या जागी कंपनी जामीन म्हणून बसली.

जामीन मालक कसा होतो?

इथून पुढचा क्रम नीट बघा. जामिनाला परतफेडीची काळजी, म्हणून तो जमाखर्च तपासणार. जमाखर्च तपासतो म्हणून खर्चात काटछाट सुचवणार. सुचवलेलं ऐकलं नाही तर मुलूखच मागणार. १८०५ च्या तहात तैनाती फौजेच्या खर्चापोटी वर्षाला ११,७०,००० रुपये उत्पन्नाचा मुलूख कंपनीला द्यावा लागला. उत्पन्न घटलं, पण कर्ज तसंच. १८२० मध्ये एल्फिन्स्टन बडोद्याला गेला तेव्हाही कर्जाचा आकडा कोटीच्या वर होता. १८२८ मध्ये सावकारांचे पैसे फेडण्यासाठी म्हणून कंपनीने काही महाल सरळ ताब्यात घेतले. १८३२ मध्ये दुसऱ्या सयाजीरावांनी सावकारांशी स्वतःच तडजोड केली, तेव्हा ते परत मिळाले. जामीन मधून निघाला तेव्हा मुलूख सुटला, हे लक्षात ठेवा.

पंढरपूरचा खून

गायकवाडांवर पेशव्यांचीही जुनी बाकी होती. शिवाय अहमदाबादचा इजारा वर्षाला साडेचार लाखांवर गायकवाडांकडे होता, त्याची मुदत १८१४ मध्ये संपत होती. हा हिशेब मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन पुण्याला आले, तेही कंपनीच्या हमीवर. जुलै १८१५ मध्ये, आषाढीच्या दिवसांत, दुसरे बाजीराव पंढरपुरी असताना शास्त्र्यांचा तिथे रात्री खून झाला. संशय त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. हमी कंपनीची, म्हणून जाबही कंपनीनेच विचारला. त्रिंबकजी ठाण्याच्या कैदेत गेले, १८१६ मध्ये निसटले आणि जून १८१७ मध्ये बाजीरावांवर पुणे तह लादला गेला. त्यात गायकवाडांवरचा पेशव्यांचा जुना दावा वर्षाला ४ लाखांवर मिटवला गेला. नोव्हेंबरात खडकीला लढाई, फेब्रुवारी १८१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले आणि जूनमध्ये पेशवाई संपली. पेशवाई एका खुनामुळे बुडाली असं म्हणणं चूक ठरेल, कारणं अनेक होती. पण हिशेबाच्या भांडणात शिरायचा हक्क इंग्रजांना मिळाला तो जामिनकीतून.

सांगोला ते सुवेझ

कागदावर सत्ता फिरते हे सांगोल्याला नवीन नाही. १७५० साली इथेच झालेल्या कराराने रामराजांची सत्ता पेशव्यांकडे गेली. गादी छत्रपतींची राहिली, कारभार दुसऱ्याचा झाला. पुढे बडोद्यातही गादी गायकवाडांचीच राहिली. इजिप्तमध्येही तेच. कर्जात बुडालेल्या खेदिव इस्माईलने १८७५ मध्ये सुवेझ कालव्याचे शेअर इंग्लंडला विकले. पुढच्याच वर्षी हप्ते थकले, तिजोरीवर इंग्रज आणि फ्रेंच तपासनीस बसले आणि १८८२ मध्ये इंग्रज फौज उतरली.

आपण काय घ्यायचं?

आपल्यातले बरेच जण शैक्षणिक कर्जावर शिकतात. अनेकांच्या घरी डाळिंबाच्या बागेवर, विहिरीवर कर्ज आहे. कर्ज काढणं हा गुन्हा नाही. पण सही करण्याआधी तीन प्रश्न विचारा. हप्ता कशातून फिटणार? जामीन कोण आहे? आणि हप्ता थकला तर त्या जामिनाला आपल्या घरात कुठवर येता येईल? रावजी आपाजींनी पहिल्या प्रश्नाचं उत्तर शोधलं. तिसरा त्यांनी विचारला नाही, आणि त्याचं उत्तर बडोद्याला पुढे मिळत राहिलं.