चर्चने लग्न रद्द केलं, मग कोर्टात कशाला जायचं?

प्रश्न : माझ्या मुलीचं लग्न 2017 साली आमच्याच चर्चमध्ये झालं. वर्षभरात ती परत आली आणि तेव्हापासून आमच्याकडेच आहे. चर्चच्या ट्रायब्युनलकडे अर्ज केला, साक्षी झाल्या, आणि गेल्या महिन्यात ते लग्न मुळातच झालं नव्हतं असा निकाल हातात पडला. आता तिला चांगलं स्थळ आलंय. जानेवारीत उरकून टाकू असं मुलाकडचे म्हणतात, हॉलही बघून ठेवलाय. पण मुलाच्या काकांनी विचारलं, कोर्टाचा कागद कुठे आहे? फादरांनी लावलेलं लग्न सरकारला चालतं, मग चर्चने रद्द केलेलं का चालू नये? आम्हाला आमच्या धर्माप्रमाणे वागायचं स्वातंत्र्य नाही का?
— एक आई, वसई

उत्तर : ताई, आधी मुलाच्या काकांचे आभार माना. कोर्टाचा कागद लागतोच. तो नसेल तर कायद्याच्या नजरेत तुमची मुलगी आजही विवाहित आहे. जानेवारीत दुसरं लग्न लागलं तर ते कायद्याने रद्दबातल ठरेल. शिवाय पहिला जोडीदार हयात असताना दुसरं लग्न करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हा आहे. त्याला सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि पहिलं लग्न लपवलं असेल तर दहा. तुम्ही काहीच लपवत नाही आहात, हे मला पत्रावरून दिसतंय. तरी हे माहीत असायला हवं.

आता तुमचा खरा प्रश्न. तो साधा नाही. वसईत माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या कुटुंबांच्या मनात तो असतो, फक्त विचारायचा धीर होत नाही.

तुमच्या चर्चच्या ऑफिसात जाऊन लग्नाची नोंदवही बघा. जाड पुठ्ठ्याचं लांबट रजिस्टर असतं. त्यात वर-वधूची नावं, आईवडिलांची नावं, दोन साक्षीदार आणि खाली फादरांची सही. ही नोंद सरकार मानतं, ते 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यामुळे. लग्न कोण लावू शकतो याची यादी त्याच्या पाचव्या कलमात आहे. बिशपकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू आपल्या चर्चच्या रीतीप्रमाणे लग्न लावू शकतो, त्याला वेगळा सरकारी परवाना लागत नाही. तिसाव्या कलमात तर असं म्हटलंय की कॅथलिक लग्नाची नोंद बिशप ठरवतील त्या नमुन्यात करायची. म्हणजे दीडशे वर्षं सरकार तुमच्या चर्चच्या वहीवर विश्वास ठेवत आलंय. मग सोडवतानाच हा विश्वास का आटतो, असं तुम्हाला वाटणं स्वाभाविक आहे.

पण लावणं आणि सोडवणं ही एकाच कामाची दोन टोकं नाहीत. चर्चची शिकवणही हेच सांगते की लग्न फादर लावत नाहीत. वेदीसमोर ती दोघं एकमेकांना होकार देतात आणि फादर तो चर्चच्या वतीने स्वीकारतात. दोघांचंही हो असतं, वाद नसतो, म्हणून नोंद करणारा विश्वासू माणूस पुरतो. मोडताना तसं नसतं. एक हो म्हणतो, दुसरा नाही म्हणतो. मूल कोणाकडे राहणार, पोटगी किती, लग्नात घातलेलं सोनं कोणाकडे अडकलंय, असे शंभर प्रश्न उभे राहतात. तिथे ज्याच्या हुकमाने पगारातून पैसे कापले जातील असा कोणीतरी लागतो. ट्रायब्युनलमधले फादर कितीही न्यायी असले तरी त्यांचा हुकूम नवऱ्याच्या कंपनीच्या अकाउंट्स खात्यापर्यंत पोचत नाही.

दुसरं असं की दोन्ही ठिकाणी विचारलेला प्रश्नच वेगळा असतो. तुमच्या मुलीला ट्रायब्युनलमध्ये काय काय विचारलं ते आठवा. लग्नाआधी ओळख किती होती, होकार मनापासून होता का, कुणी दडपण आणलं का, त्याने काही लपवलं का. सगळा रोख लग्नाच्या दिवसावर. त्या दिवशीचा होकार खरा होता की नाही, एवढंच चर्च तपासतं, कारण खरा होकार दिलेलं लग्न चर्चच्या मते कुणी माणूस मोडू शकत नाही. लग्न टिकावं म्हणून बाजू मांडणारा एक खास अधिकारीही तिथे असतो, त्याला बंधनरक्षक म्हणतात. पूर्वी तर एका ट्रायब्युनलने दिलेला निकाल दुसऱ्याने उचलून धरावा लागे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये ती अट काढली. म्हणून हा निकाल हलक्या हाताने दिलेला आहे असं कुणी म्हणू नये. दिवाणी न्यायालय मात्र बहुतेक वेळा लग्नानंतर काय घडलं ते विचारतं : छळ, सोडून जाणं, व्यभिचार. म्हणून एकाचा निकाल दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने हे 1996 मध्ये स्पष्ट केलं. त्या प्रकरणातल्या बाईंचं पहिलं लग्न चर्चच्या ट्रायब्युनलने रद्द केलं होतं. त्यांनी दुसरं लग्न केलं. पुढे दुसऱ्या नवऱ्यानेच कोर्टात अर्ज केला की पहिलं लग्न कायद्याने संपलेलं नसताना माझ्याशी झालेलं लग्न रद्द ठरवा. कोर्टाने ते मान्य केलं. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा स्वतःचा कायदा, कितीही जुना आणि आदरणीय असला तरी विवाह संपवण्याचा अधिकार 1869 च्या घटस्फोट कायद्याने न्यायालयाला दिलेला आहे, तो ट्रायब्युनलकडे जात नाही, असा त्याचा अर्थ.

तरीही प्रश्न मिटला नव्हता. मंगळूरकडच्या एका कॅथलिक वकिलांनी 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. मुसलमानांचा तोंडी तलाक कायदा मानतो, तर कॅथलिकांचा कॅनन लॉ का मानत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. जानेवारी 2017 मध्ये याचिका फेटाळली गेली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिहेरी तलाकही बाद झाला. माझ्या मते याचिका फेटाळली गेली ते योग्यच झालं. का, ते एका बाईंच्या हकिकतीवरून सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडे आल्या. पिशवीतून त्यांनी ट्रायब्युनलचं पत्र काढलं. लॅमिनेट केलेलं, कोपरे पिवळे पडलेले, आणि मधोमध घडीची पांढरी रेघ. दुसरं लग्न होऊन आठ वर्षं झाली होती आणि दुसरा नवरा नुकताच वारला होता. त्याच्या नोकरीचे पैसे मागायला गेल्यावर तिथल्या माणसाने पहिल्या लग्नाच्या घटस्फोटाचा हुकूम मागितला. बाईंनी हे पत्र पुढे केलं, त्याने ते दोनदा वाचून परत दिलं. दीर आधीच हक्क सांगून बसला होता. आठ वर्षं संसार केलेली बाई कागदावर नवऱ्याची कुणीच नव्हती. ते पत्र देताना हे तिला कुणीतरी समजावून सांगायला हवं होतं. धर्मस्वातंत्र्याच्या नावाखाली आपण अशा बायकांना उघड्यावर सोडत असू, तर त्या स्वातंत्र्याचा अर्थ आपण चुकीचा लावतोय.

मग चर्चचं पत्र पुरतं असा गैरसमज का पसरला? मला वाटतं, दोष जुन्या कायद्याचाही आहे. 1869 चा कायदा इंग्रजांनी आपल्या देशातल्या कायद्याच्या धर्तीवर केला. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की सुटका होती. बायकोला नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर छळ किंवा दोन वर्षांचा परित्याग असं आणखी काहीतरी सिद्ध करावं लागे. नुसती मारहाण घटस्फोटाला पुरत नसे. जिल्हा न्यायालयाने हुकूम दिला तरी तो उच्च न्यायालयाने कायम करावा लागे. परस्परसंमतीने वेगळं व्हायची सोयच नव्हती. अशा वेळी चर्चचं दार हेच माणुसकीचं दार वाटलं, तर त्यात नवल काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 1997 मध्ये स्त्री-पुरुषांतला हा भेद घटनाविरोधी ठरवला. ख्रिस्ती स्त्रियांच्या संघटना आणि चर्चच्या संस्था बदल मागतच होत्या, तो अखेर 2001 मध्ये संसदेने केला. आता छळ, दोन वर्षांचा परित्याग, व्यभिचार यांतलं कुठलंही एक कारण नवऱ्याला आणि बायकोला सारखंच पुरतं, आणि कलम 10अ खाली दोघांच्या संमतीनेही घटस्फोट मिळतो.

एक अन्याय मात्र अजून बाकी आहे आणि त्याचा मला राग येतो. संमतीच्या घटस्फोटासाठी हिंदूंना एक वर्ष वेगळं राहिलेलं पुरतं, विशेष विवाह कायद्याखाली लग्न केलेल्यांनाही तेवढंच. ख्रिस्ती जोडप्याला कायद्याच्या पुस्तकात दोन वर्षं लिहिलेली आहेत. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्ये ती एक वर्ष अशी वाचावीत असं सांगितलं, आणि 2022 मध्ये त्या एका वर्षाची सक्तीही घटनाबाह्य ठरवली. संसदेने पुस्तकातलीच ओळ सुधारायला हवी. तुमच्या मुलीला याची अडचण नाही, ती दोन वर्षांहून कितीतरी अधिक काळ वेगळी राहते आहे.

धर्मस्वातंत्र्याचं तुम्ही विचारलंत. कायदा चर्चला अगदीच जुमानत नाही असं नाही. जवळच्या नात्यातल्या एका कॅथलिक जोडप्याचं लग्न चर्चने दिलेल्या सवलतीमुळे वैध आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1972 मध्ये म्हटलं होतं. आणि उलट बाजूही बघा. उद्या कोर्टाने मुलीला घटस्फोट दिला आणि ट्रायब्युनलचा निकाल नसता, तर फादरांनी तिचं दुसरं लग्न लावायला नकार दिला असता. तो त्यांचा अधिकार आहे. ‘कोर्टाचा हुकूम आहे, लावा लग्न’ असं त्यांना कुणी म्हणू शकत नाही. संस्कार कुणाला द्यायचा हे चर्च ठरवतं, आणि घटनेचं 25 वं, 26 वं कलम त्याच्या पाठीशी उभं आहे. माणूस विवाहित की अविवाहित हे नागरिक म्हणून राज्य ठरवतं. मुलीच्या लग्नात त्या एका तासात दोन गाठी बसल्या होत्या, एक वेदीची आणि एक सरकारदरबारची. त्यातली एक सुटली आहे.

कोणी गोव्यातून हे वाचत असेल तर त्यांचा इतिहास निराळा आहे. पोर्तुगाल आणि व्हॅटिकन यांच्यात 1940 मध्ये करार झाला आणि 1946 च्या हुकूमनाम्याने चर्च ट्रायब्युनलच्या निकालाला उच्च न्यायालयामार्फत दिवाणी मान्यता मिळण्याची वाट तिथे तयार झाली. गोव्याचं उदाहरण घेऊन वसईत कुणी सल्ला देऊ लागलं तर ऐकू नका.

आता काय करायचं ते. पहिल्या नवऱ्याची हरकत नसेल तर दोघांनी मिळून संमतीचा अर्ज करावा. लग्न वसईत झालेलं आहे, त्यामुळे तो इथल्या न्यायालयात करता येतो. अर्ज केल्यावर किमान सहा महिने थांबावं लागतं, असं कलम सांगतं. हरकत असेल तर परित्याग किंवा छळाच्या कारणावर एकतर्फी अर्ज आहेच. त्याने लग्नाआधी काही गंभीर गोष्ट लपवली म्हणून ट्रायब्युनलने निकाल दिला असेल, तर फसवणुकीच्या मुद्द्यावर कोर्टाकडूनही लग्न शून्य ठरवून घेता येतं का, हे वकिलाला विचारा. ट्रायब्युनलचा निकाल कोर्टाला बंधनकारक नाही, पण दोघांची कहाणी तारीखवार लिहून काढायला ते कागद उपयोगी पडतील. नातवंड असेल तर ‘अनौरस’ ठरण्याची भीती मनातून काढून टाका. लग्न रद्द झालं तरी अशी मुलं चर्च औरसच मानतं.

म्हणजे जानेवारी जमणार नाही. मुलाकडच्यांना हे आजच सांगा आणि हॉलवाल्याला आगाऊ रक्कम देऊ नका. कोर्टाचा हुकूम झाल्यावरही अपिलाचा प्रश्न मिटला आहे, याची वकिलाकडून खात्री करून घ्या. त्याआधी दुसरं लग्न करता येत नाही. मग हुकमाच्या प्रमाणित प्रती काढाल तेव्हा तीन तरी काढा : एक फादरांना द्यायला, एक पासपोर्टच्या कामाला आणि एक घरात, पेटीच्या तळाशी. लॅमिनेट मात्र करू नका.