शेरखानचा लंगडा पाय

प्रश्न : माझी पुतणी नववीत आहे. दुसऱ्यांच्या पुस्तकांतली पात्रं उचलून ती त्यांच्या नव्या गोष्टी लिहिते. त्याला फॅन फिक्शन म्हणतात, हे तिनंच मला सांगितलं. सध्या किपलिंगच्या शेरखान वाघावर लिहितेय. घरात कुणीतरी म्हणालं, वाघाला कसलं आलंय व्यक्तिमत्त्व? पोरगी हिरमुसली. वाघ ‘व्यक्ती’ असू शकतो का?
– एक वाचक, बुलढाणा

उत्तर : असू शकतो, आणि पुतणीला हे आजच सांगा. व्यक्ती म्हणजे जे व्यक्त झालं, इतरांतून वेगळं ओळखू आलं ते. त्या शब्दात दोन पायांची अट नाही.

असा एक वाघ तुमच्याच जिल्ह्यात येऊन राहिला होता. टिपेश्वर अभयारण्यातल्या टी-१ वाघिणीचा बछडा, वनखात्याच्या भाषेत टी१-सी१. फेब्रुवारी 2019 मध्ये त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली. जूनमध्ये तो निघाला आणि तेलंगण, मराठवाडा, वऱ्हाड करत डिसेंबरात ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. पुढची भटकंती धरून नऊ महिन्यांत सुमारे 3000 किलोमीटर. तरणा नर आईचा मुलूख सोडतोच, पण ही वाट या एकट्याचीच. लोकांनी त्याला ‘वॉकर’ म्हटलं ते उगीच नाही. वाघाच्या अंगावरचे पट्टेही दुसऱ्या कुठल्या वाघाशी जुळत नाहीत. इतकंच काय, त्याच्या स्वतःच्या डाव्या कुशीचे उजवीशी जुळत नाहीत.

आता शेरखान. किपलिंगनं 1894 च्या पुस्तकात त्याला जन्मतःच एका पायानं अधू केलं. आईसुद्धा त्याला लंगडाच म्हणायची. पाय अधू, म्हणून हरणामागं धावणं जमत नाही, म्हणून गाईगुरं मारायची, म्हणून गावकऱ्यांचा राग. सगळा शेरखान त्या एका पायात आहे. पुतणीनं त्याला खुशाल तुमच्याकडच्या बोथ्याच्या जंगलात आणावं, अस्वलाशी गाठ घालून द्यावी, वाटलं तर पश्चात्तापही करायला लावावा. पण तो चारही पायांनी सुसाट पळाला, की शेरखान संपला, नुसता वाघ उरला.

दुसऱ्याचं पात्र घेऊन नवी गोष्ट रचणं हे काही परक्या देशातून आलेलं खूळ नाही. मोरोपंतांनी कितीतरी रामायणं रचली, आणि प्रत्येकात मारुती तोच राहिला. नांदुऱ्याला हमरस्त्यावरची त्याची 105 फुटांची मूर्ती पाहून कुणी विचारतं का, हा कोण म्हणून?

पुतणीला माझ्याकडून एवढंच विचारा : पावसाळ्यात नाल्याकाठी चिखल झाला, की तिचा शेरखान कोणता पाय आधी टाकतो?