दुरावलेल्या मतदाराशी बोलताना

प्रश्न : आम्ही पुरोगामी कार्यकर्ते घरोघर फिरतो, तरी लोक दुरावलेत. मतदार फक्त पैशांना भुलतात का? – एक वाचक, रायपूर

उत्तर : नाही. छत्तीसगढमध्ये २०१८च्या विधानसभा निवडणुकीत धानाला क्विंटलमागे २५०० रुपये आणि कर्जमाफी, हे काँग्रेसचे वचन शेतकऱ्याला थेट कळले. ९०पैकी ६८ जागा मिळाल्या. २०२३मध्ये भाजपने विवाहित महिलांना महिना १००० रुपयांचे वचन देऊन घरोघरी अर्ज भरून घेतले. काँग्रेसची वर्षाला १५,००० रुपयांची घोषणा पहिल्या टप्प्याच्या मतदानानंतर आली. काँग्रेसच्या जागा उरल्या ३५. कारणे आणखीही होती. पण मोठ्या रकमेचे वचनही उशिरा पोहोचले.

विश्वास केवळ वचनांनी मिळत नाही. छत्तीसगढमधल्याच दल्ली राजहरात शंकर गुहा नियोगींच्या कामगार चळवळीने १९८३मध्ये शहीद रुग्णालय उभारले. काम हाच तिचा प्रचार होता.

तेव्हा आधी ऐका, छत्तीसगढीत बोला, एकच ठोस मुद्दा धरा. न झेपणारे वचन मात्र देऊ नका. धीर सोडू नका. निवडणुकीची वाट न पाहता वस्तीत जाऊन बसा.